सात सामने आणि सासरे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यातला पहिला बास्केटबॉलचा सामना एका डोळ्याने पाहिला. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी उघडायला दवाखान्यात दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बोलावलं होतं. मधल्या वेळात, सकाळी सहाला, तिकडे अमेरिकेत आमचा संघ मैदानात उतरणार होता.

आमचा म्हणजे माझा. नाशिकमध्ये त्या संघाचा दुसरा चाहता असेल तर तो मला अजून भेटलेला नाही. संघाचं नाव सांगून काही उपयोग नाही, ऑफिसात मी ते पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. कॉलेजात असताना जुन्या कपड्यांच्या बाजारात मला एक बिनबाह्यांचा ढगळ बनियन मिळाला होता. पुढे इंग्रजीत नाव, पाठीवर आकडा. उंचीमुळे मला कॉलेजच्या बास्केटबॉल संघात घेतलं होतं आणि खेळामुळे बाकावर बसवलं होतं. तो बनियन घालून मी दोन वर्षं बाकावर बसलो. बसल्या बसल्या त्यावरचं नाव वाचलं, मग तो संघ कुठला ते शोधलं, आणि मग जे लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही.

त्या संघाने वीस-बावीस वर्षांत मला फारसं सुख दिलेलं नाही. बहुतेक वर्षी तो प्लेऑफपर्यंत पोचतच नाही. प्लेऑफ म्हणजे मोसमाच्या शेवटी होणाऱ्या बाद फेऱ्या. दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात. आधी चार जिंकेल तो पुढच्या फेरीत जातो, दुसरा घरी जातो. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही चक्क दुसऱ्या फेरीत होतो आणि पहिले दोन सामने हरलो होतो. पहिला कसाबसा हरलो. दुसरा इतका वाईट हरलो की मध्यंतरानंतर मी उठून गाडी धुतली.

तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे वेळ तशी सोयीची होती. मी एका सरकारी कचेरीत आरेखक आहे, ऑफिस दहाला. बायको शिक्षिका, तिला मे महिन्याची सुट्टी. गैरसोय एवढीच होती की टीव्ही हॉलमध्ये होता आणि हॉलमध्ये दिवाणावर सासरे झोपलेले होते.

त्यांना मी मामा म्हणतो; बायकोचे ते अण्णा, गावाचे नाना. वणीच्या जवळ एका गावात त्यांची द्राक्षबाग आहे. तेव्हा ते सत्तरीला आले होते, पण अजून रोज बागेत जात. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत आमच्यात एकच संभाषण झालं होतं, ते आम्ही दर भेटीत पुन्हा करत होतो. मी विचारायचो, "बाग कशी?" ते म्हणायचे, "हाय बरी." मग ते विचारायचे, "हापिस?" मी म्हणायचो, "चाललंय." मग दोघंही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत चहाची वाट पाहायचो. वैर काही नव्हतं. त्यांना जावयाचा मान ठेवायचा होता, मला सासऱ्यांचा. एवढा मान ठेवल्यावर बोलायला जागा उरत नव्हती.

तर त्या शनिवारी साडेपाचला मी दबक्या पावलांनी हॉलमध्ये गेलो. मामा मानेखालची अंघोळ आटोपून, टोपी घालून, दिवाणावर मांडी घालून बसले होते. चारपासून जागे होते म्हणे.

"लवकर उठता पाव्हणं," ते म्हणाले.

"मॅच आहे. आवाज बंद ठेवतो."

"कशाला? कान चांगले हायेत माझे."

मी टीव्ही लावला आणि खाली सतरंजीवर बसलो. दोन-तीन मिनिटं गेली. मग मागून प्रश्न आला, "आपले कोण?"

"पांढरे."

बस्, त्यानंतर ते आपलेच झाले. हा संघ कुठल्या गावाचा, त्याचा आपल्याशी काय संबंध, हे मला माझ्या ऑफिसातल्या लोकांनी, बायकोने, सख्ख्या भावाने विचारलं आहे. मामांनी विचारलं नाही. त्यांनी एक डोळा बारीक केला आणि खेळ बघायला सुरुवात केली.

मामा तरुणपणी तालुक्यापर्यंत कबड्डी खेळले होते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे खेळ समजायला त्यांना वेळ लागला नाही. चेंडू हातात आल्यावर चोवीस सेकंदांत टोपलीकडे टाकावाच लागतो, असं मी सांगितलं. "म्हन्जे दम तेवढाच धरायचा," ते म्हणाले. लांबून टाकला तर तीन गुण, जवळून टाकला तर दोन, हे त्यांना न्याय्य वाटलं. सहा चुका झाल्या की खेळाडू बाहेर, हे मात्र फार वाटलं. "सहा लय झाल्या. चारला काढाया पायजे."

आमच्या संघात एक खेळाडू होता, चेंडू पुढे नेणारा. तो सगळ्यांत लहान, म्हणजे सहा फुटांच्या वर थोडासा. मामांनी त्याला पहिल्या पाच मिनिटांत हेरलं. "तो बुटका हुशार हाय," ते म्हणाले. मामांची स्वतःची उंची पाच फूट तीन इंच. पण त्या घोळक्यात तो बुटका दिसत होता हे खरं, आणि नंतर मीही त्याला बुटकाच म्हणायला लागलो.

शेवटची तीनेक मिनिटं उरली तेव्हा आम्ही कसेबसे दोन गुणांनी पुढे होतो. मी गुडघ्यांवर उठून बसलो होतो. मामा म्हणाले, "पाव्हणं, जरा पाणी आणता का? माठातलं."

सासऱ्यांनी पाणी मागितलं तर काय म्हणणार? मी गेलो. माठ स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात. तांब्या भरून येईपर्यंत बुटक्याने दोनदा लांबून नेम साधला होता. मामांनी एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. आम्ही जिंकलो. मालिका दोन-एक, अजून त्यांच्या बाजूने.

चौथा सामना सोमवारी होता. सोमवारी बायको मामांना घेऊन पंचवटीत राहणाऱ्या आत्याबाईंकडे गेली. भावाचा डोळा बघायचा म्हणून आत्याबाईंनी चहाला बोलावलं होतं, आणि उन्हाच्या आत, द्वारका चौकात गाड्या तुंबायच्या आत जाऊन यावं म्हणून दोघं सहालाच निघाले. मी एकटा सामना बघत बसलो. मागे रिकामा दिवाण. बुटक्याचा एकही चेंडू आत जाईना. टोपलीच्या कडीवर आपटून बाहेर येत होते. दोन वेळा मी नकळत मागे वळून बघितलं. हरलो. तीन-एक. म्हणजे आता उरलेले तिन्ही जिंकायचे, नाहीतर घरी.

मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे. दिवाणावर कोण बसलंय याचा आणि साता समुद्रापलीकडे चेंडू आत जाण्याचा काही संबंध नसतो, हे मला नीट माहीत आहे. तरी ऑफिसात त्या दिवशी मी कागदाच्या मागे एक छोटा तक्ता केला. मामा नाहीत, हार. मामा नाहीत, हार. मामा आहेत, जीत. मामा नाहीत, हार. मग तो कागद फाडून टाकला आणि घरी आलो, तर मामा पिशवी भरत होते.

"चार दिस झाले," ते म्हणाले. "लेकीच्या घरी याहून जास्त राहायचं नाय. उद्या सकाळच्या गाडीनं जातो."

"राहा ना मामा," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मामांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. डोळ्याची पट्टी निघाल्यापासून तो चष्मा ते घरातही घालत. "कशाला उगीच तरास," ते म्हणाले.

"त्रास कसला? मला बरं वाटतं तुम्ही असलात की." हे मी मनापासून म्हणालो. कशासाठी बरं वाटतं ते सांगितलं नाही एवढंच.

मामा बराच वेळ पिशवीचा बंद बोटांत फिरवत राहिले. "तुम्ही म्हन्ता तर राहतो," असं म्हणून त्यांनी पिशवीतून टॉवेल परत बाहेर काढला.

जेवताना बायकोने माझ्या वाटीत न विचारता तुपाची मोठी धार धरली. "अठरा वर्षांत तुम्ही त्यांना कधी राहा म्हणाला नव्हतात," ती हळू आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. हक्क नसलेलं ते तूप मी चाटूनपुसून खाल्लं.

मामांच्या डोळ्यात दिवसातून सहा वेळा औषधाचे थेंब घालायचे होते. पाच वेळा बायको घालायची, सकाळचे माझ्याकडे लागले होते. बुधवारी पाचव्या सामन्याआधी मी ते घातले. मामा दिवाणावर आडवे झाले, चष्मा काढला, आणि मी एका हाताने त्यांची खालची पापणी ओढून धरली. या माणसाच्या मी अठरा वर्षं पाया पडत होतो, पण चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. गाल उन्हाने रापून कडक झालेला, आणि पापणी मात्र लहान मुलाची असावी इतकी मऊ. थेंब पडल्यावर त्यांनी डोळा गच्च मिटला.

"झोंबतं का?"

"नाय. गार लागतं." मग डोळा मिटूनच म्हणाले, "आज हरले तर संपलं ना?"

"संपलं."

"मग चष्मा द्या इकडं, सुरू होईल."

तो सामना परक्या मैदानावर होता, त्यामुळे आमच्या संघाने निळे कपडे घातले होते. मामांना हे आवडलं नाही. "पांढऱ्यात बरे दिसत व्हते." अर्ध्या खेळापर्यंत ते अधूनमधून चुकून समोरच्यांना शाबासकी देत होते. मग बसलं डोक्यात. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, भागात बरोबरी झाली, आणि मामा म्हणाले, "पाव्हणं, थेंबाची बाटली कुठं हाय?"

"थेंब नऊला घालायचेत मामा. अजून वेळ आहे."

"बाटली शोधून तरी ठेवा. ऐन टायमाला सापडत नाय."

मी आत जाऊन कपाट बघितलं, फ्रिज बघितला, बायकोची पर्स बघितली. बाटली कुठेच नव्हती. परत आलो तोवर आम्ही सहा गुणांनी पुढे होतो आणि घड्याळ संपत आलं होतं. बाटली शेवटी मामांच्या शर्टाच्या खिशात निघाली. "इथंच व्हती व्हय," ते म्हणाले. तीन-दोन.

गुरुवारी दुपारी मामींचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन आला. मामींचं म्हणणं वाजवी होतं. मामांच्या भावाच्या नातवाचं लग्न रविवारी होतं, शनिवारी हळद, मांडव पडायला लागला होता आणि घरचा मोठा माणूस नाशिकला बसून होता. शिवाय बागेत वेलींचे नको ते फुटवे काढायला बाया आल्या होत्या आणि त्यांच्यावर बघायला कोणी नव्हतं. मामांनी फोन ठेवला आणि पुन्हा पिशवी काढली. सहावा सामना शुक्रवारी सकाळी होता.

तेव्हा मी खोटं बोललो. "दवाखान्यातून मला ऑफिसात फोन आला होता," मी म्हणालो. "वणी रस्त्याचं काम चाललंय, धूळ फार आहे. शुक्रवारपर्यंत थांबा म्हणाले डॉक्टर."

"डॉक्टरांना वणी रस्त्याचं काय माहीत?" बायकोने विचारलं.

"ते वणीच्या गडावर जातात दर्शनाला," मी म्हणालो.

मामांनी पिशवी उघडली. टॉवेल पुन्हा बाहेर आला.

शुक्रवारचा सामना मी धास्तीने बघितला. अर्धी धास्ती सामन्याची होती, अर्धी डॉक्टरांची. शेवटच्या भागात समोरच्यांनी भराभर गुण केले आणि आमची आघाडी वितळायला लागली. मामांनी मान वर करून छताकडे कान लावला.

"वर टाकी वाहतीय वाटतं."

"मला नाही ऐकू येत."

"वाहतीय. पाणी वाया चाललं."

तीन जिने चढून गच्चीवर गेलो. टाकी वाहत नव्हती. झाकण उघडून बघितलं तर पाणी तळाला होतं, आणि नळाला त्या दिवशी पाणी यायचंच नव्हतं. धावत खाली आलो. मामा टाळ्या वाजवत होते, हळू, एका लयीत, भजनाला वाजवतात तशा. तीन-तीन.

नाश्त्याला पोहे होते. बायकोने तिघांच्या ताटल्या भरल्या आणि स्वतः न घेता समोर बसली.

"मी दवाखान्यात फोन केला होता," ती म्हणाली. "अण्णांना प्रवासाची मुभा मंगळवारपासूनच आहे. कोणी तुम्हाला फोन केलेला नाही. आणि डॉक्टर गडावर जात नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात."

मी पोह्यांतला शेंगदाणा बाजूला केला. दुसराही केला. मग सगळं सांगितलं. मामा बसले की संघ जिंकतो, नसले की हरतो, म्हणून सोमवारी राहा म्हणालो, म्हणून काल खोटं बोललो. सांगताना मला ते जितकं मूर्खपणाचं वाटत होतं, त्याहून बायकोचा चेहरा बघून जास्त वाटलं.

मामांनी घास संपवला, पाणी प्यायले, आणि विचारलं, "अन् मी तुम्हाला टाकी बघाया का धाडलं?"

"वाहत होती म्हणून."

"टाकी कोरडी हाय. सकाळी मोरीत नळाला धार नव्हती, मला ठावं व्हतं." ते माझ्याकडे वळून बसले. "पयल्या दिवशी मला खरंच तहान लागली व्हती. तुम्ही उठले, अन् बुटक्याचा नेम बसला. मी ध्यानात ठेवलं. बुधवारी पुन्हा बघितलं. तुम्ही आत गेले, की आपले पुढं गेले. बाटली माझ्याच खिशात व्हती."

मी त्यांच्या खिशाकडे बघितलं.

"किती वर्सं बघता तुम्ही हे?"

"वीस-बावीस."

"कितींदा जिंकले?"

"एकदाही नाही. म्हणजे शेवटपर्यंत एकदाही नाही."

"अन् तुम्ही सगळे सामने बघता?"

"सगळे."

मामांनी दोन्ही हात पसरले आणि पुन्हा पोह्यांकडे वळले. आपलं म्हणणं सिद्ध झालं असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही ते थोडं पटलं.

बायको आधी बापाकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मला वाटलं होतं की यांना तुमचा लळा लागला," ती मामांना म्हणाली, "आणि तुम्हाला इथे करमायला लागलं."

"करमतंय की," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही?" तिने मला विचारलं.

"लळाही लागलाय."

"कधीपासून?"

मी विचार करून खरं ते सांगितलं. "थेंब घालायला लागलो तेव्हापासून."

तिने पोह्यांचं पातेलं उचललं. मला वाटलं आता ते ओट्यावर आपटणार. तिने माझ्या ताटलीत अजून एक डाव वाढला आणि म्हणाली, "सातवा कधी आहे?"

सातवा रविवारी सकाळी होता. लग्नाच्या दिवशी.

शनिवारी आम्ही तिघं गाडीने गावी गेलो. मामा पुढे बसले होते, काच बंद, काळा चष्मा, तोंडाला उपरणं. रस्त्याचं काम खरोखरच चाललं होतं आणि धूळही होती, ते बघून मला थोडं बरं वाटलं. घरापुढे मांडव, हळदीचा गोंधळ, पाहुणे. मोबाइलवर सामना कुठे नीट दिसेल हे शोधत मी घराभोवती दोन चकरा मारल्या. रेंज फक्त मांडवात स्टेजजवळ येत होती, आणि स्टेजमागे भिंतीएवढा एलईडी पडदा उभा केलेला होता. हल्ली आमच्याकडे लग्नात तो असतोच. नवरा-नवरीचे आधी काढून ठेवलेले फोटो त्यावर दाखवतात, आणि मागच्या रांगेतल्यांना अक्षता कधी टाकायच्या ते कळतं.

रविवारी साडेपाचला मी मांडवात गेलो तर मामा आधीच पडदेवाल्याशी बोलत होते. पडदेवाला चाळिशीचा, झोपेतून उठलेला माणूस होता. त्याने नवरदेवाचे फोटो तपासायला म्हणून पडदा सुरू केला होता.

"हे मोबाइलातलं याच्यावर दिसंल का?" मामा विचारत होते.

"दिसेल आजोबा, पण मालकांनी सांगायला पाहिजे."

"मालकाचा चुलता हाय मी."

एका वायरने माझा मोबाइल पडद्याला जोडला गेला. मंगल कार्याच्या तोरणांखाली, गणपतीच्या चित्राच्या बाजूला, आमचा संघ बारा फूट उंचीचा झाला. बावीस वर्षं मी जो संघ एकट्याने बघत आलो होतो, तो बघायला हळूहळू मांडवात माणसं जमायला लागली. आचारी भाताची पातेली चढवून आले. रात्रीच्या हळदीने पिवळा झालेला नवरदेव दात घासत आला आणि ब्रश तोंडात ठेवून बसला. मामांनी लग्नाचा माइक हातात घेतला.

"आज आपले निळे हायेत," ते माइकवर म्हणाले. "घरच्या मैदानावर पांढरे असत्यात, बिचकू नका. तो बुटका, त्याच्यावर ध्यान ठिवा."

मागून कोणीतरी विचारलं, "नाना, हे कोण गावचे?"

"जावईबापूंचे हायेत," मामा म्हणाले. तेवढं पुरलं.

खेळ चांगला झाला, एवढंच मी सांगू शकतो. कधी ते पुढे, कधी आम्ही. मधल्या विश्रांतीत पडदेवाल्याने पडदा रिकामा नको म्हणून नवरा-नवरीचा धरणाच्या काठावरचा फोटो लावला आणि खेळ सुरू झाल्यावर तो काढायला विसरला, तेव्हा मांडवातून असा आरडाओरडा झाला की नवरदेवाने स्वतः उठून आपला फोटो काढायला लावला. शेवटची दोन मिनिटं उरली. बरोबरी. शे-दीडशे माणसं पडद्याजवळ सरकली.

मामांनी माइक खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आता आमच्यात पाण्याचा, बाटलीचा किंवा टाकीचा बहाणा उरला नव्हता.

मी जागचा हललो नाही. बावीस वर्षांत आमचा संघ इथपर्यंत पहिल्यांदा आला होता आणि ही शेवटची दोन मिनिटं मला बघायची होती. मामांनी मान वळवून पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्यांनी सांगितलं असतं तर कदाचित मी बसून राहिलो असतो. त्यांनी सांगितलं नाही. मी उठलो, चपला शोधल्या, दोन्ही एका जोडाच्या नव्हत्या, तशाच घातल्या आणि मांडवाच्या मागून बागेत गेलो.

बाग घराला लागूनच होती. छाटणीनंतर वेलींना नवी पानं आली होती, कोवळी, सकाळच्या उन्हात चमकणारी. मांडवातल्या कर्ण्यांमधून अमेरिकन माणसाचं भरधाव इंग्रजी सगळ्या शिवारात ऐकू येत होतं. मी ते ऐकत ओळीओळीने चाललो होतो. बुटक्याचं नाव दोनदा आलं. मग लाइट गेली आणि आवाज एकदम बंद झाला.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. एका वेलीवरचा नको तो फुटवा दिसला, तो मी खुडला. बरोबर खुडला का ते माहीत नव्हतं, म्हणून दुसऱ्याला हात लावला नाही. मग मांडवातून मोठा कल्ला झाला, आणि त्याच वेळी रस्त्यावरून नवरीकडच्या गाड्यांचे हॉर्न आणि बँड ऐकू आला. कल्ला नक्की कशाचा, ते कळायला मार्ग नव्हता. परत जावं तर सामना चालू असला तर?

शेवटी मामाच आले. बागेत धुळीत जायची त्यांना बंदी होती, वाकायचीही होती, म्हणून ते ओळीच्या तोंडाशी थांबले. काळा चष्मा, कपाळाला नुकतंच लावलेलं कुंकू.

"पाव्हणं, या आता."

"काय झालं?"

"झालं."

"म्हणजे जिंकलो?"

"एका गुणानं." मी जवळ आल्यावर त्यांनी सांगितलं. तीन सेकंद उरले होते. दोघांनी बुटक्याला कोंडीत धरलं होतं, कबड्डीत कोपरा रक्षकांनी धरावं तसं. त्याने खाली बसकण मारल्यासारखं केलं, ते दोघं फसून वर उडाले, आणि हा त्यांच्या काखेतून निसटून गेला. चेंडू कडीवर दोनदा नाचला आणि आत पडला.

"तुम्ही बघितलं?" मी विचारलं.

मामांनी चष्मा नीट केला. "लाइट गेली ना. तुमच्या मोबाइलवर सगळे तुटून पडले. मला जवळचं दिसत नाय अजून, चष्म्याचा नंबर पुढच्या महिन्यात देणारेत. पडदेवाल्यानं सांगितलं."

म्हणजे त्या घरात तो संघ आपला मानणारी माणसं दोन, आणि शेवटचा नेम दोघांनीही बघितला नव्हता. मी मामांकडे बघितलं, मामा माझ्याकडे. मग ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढावा लागला, आणि डोळ्याला हात लावायला बंदी असल्यामुळे मीच रुमालाने त्यांच्या गालावरचं पाणी टिपलं.

जनरेटर लागल्यावर पडदेवाल्याने तो नेम पाच-सहा वेळा दाखवला. मामांनी सांगितलेलं जवळपास सगळं चुकीचं होतं. बुटका काखेतून वगैरे गेला नव्हता, त्याने सरळ मागे होऊन लांबून चेंडू टाकला होता. पण नवरीकडची मंडळी मांडवात शिरली तेव्हा पडद्यावर तेच चाललं होतं, आणि त्यांच्यातल्या एका काकांनी मला जेवताना फार आदराने विचारलं की नवरदेवाचे कोणी अमेरिकेत असतात का.

पुढच्या फेरीत आमचा संघ पाच सामन्यांत हरला. शेवटचा सामना संपल्यावर मी गावी फोन लावला. मामींनी उचलला, आणि बागेतून मामांना हाक मारून बोलावलं.

"हरलो," मी म्हणालो.

"हरणारच. माणसं दमली व्हती. बुटका कसा खेळला?"

मी सांगायला लागलो. बायको चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. तिला वडिलांशी बोलायचं होतं. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. मी तिला थांब अशी खूण केली, कारण मामा आमच्यातल्या सगळ्यांत उंच खेळाडूला, त्या लंब्याला, चौथ्या भागात बाहेर का बसवलं असं विचारत होते, आणि ते सांगायला वेळ लागणार होता.